कपाचा कान

पातं तुटलं आणि कपाचा कानही गेला.

रुद्राप्पांनी यंत्राचं बटण बंद केलं. सागवानाच्या फळीतून कपबशीचा आकार कापत ते सकाळपासून बसले होते. बाहेरची कड सरळ उतरत होती. कानाच्या आतलं भोक कापताना मात्र लाकूड दर वेळी तिथंच तडकत होतं. त्यांनी फळी फिरवून लाकडाच्या रेषा कुठं जातात ते बघितलं आणि नव्या तुकड्यावर कप पुन्हा काढला. आता कान जाड ठेवला.

शाहूपुरीतली गुळाची आडत बंद केल्यावर त्यांनी हौसेनं हा स्क्रोल सॉ घेतला होता. केसासारखं पातं वरखाली नाचतं आणि लाकडातून पाहिजे ती नक्षी निघते. मागच्या पडवीत बसून ते नंदी कापत, घड्याळं कापत, नातवंडांसाठी हत्ती कापत. घरभर उडणाऱ्या भुशावरून त्यांची बायको मल्लव्वा रोज बोलायची. तिला बोलायला कारण लागत नसे. दूधवाल्यापासून आमदारापर्यंत तिनं कुणाला सोडलं नव्हतं.

पाडव्याच्या सुमारास तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि बोलणंही गेलं. पुण्याहून लेक विद्याश्री आली, तिनं आईसाठी मोबाईलवर चित्रं टाकून दिली. चित्रावर बोट ठेवायचं, की मोबाईल बोलणार. पण मल्लव्वाचं डावं बोट काचेवरून घसरायचं. पाण्याऐवजी मोबाईल ताप म्हणायचा. तिनं तो पलंगाखाली भिरकावला.

तेव्हापासून रुद्राप्पांनी नंदी आणि हत्ती सोडले. मुठीत मावतील असे जाड तुकडे ते कापायला लागले. तांब्या, पंखा, उशी, औषधाची बाटली. कडा घासून घासून गुळगुळीत करायचे, तिच्यासमोर धरायचे आणि विचारायचे, काय पायजे? मल्लव्वा तुकडा डाव्या हातानं बाजूला सारायची आणि भिंतीकडं तोंड करायची. ते उठून पडवीत जायचे आणि पुढचा तुकडा कापायला घ्यायचे.

आज विद्याश्री पुन्हा आली होती. तिच्यासोबत गावाबाहेरच्या एका शुश्रूषा केंद्राचे आकाराम नावाचे गृहस्थ होते, मल्लव्वाला तिकडं न्यायचं का ते बघायला आलेले. गेल्या आठवड्यात मल्लव्वाला उठवताना रुद्राप्पांचा पाय घसरला होता आणि दोघंही न्हाणीत पडले होते. शेजाऱ्यांनी दार ढकलून त्यांना बाहेर काढलं. ते कळल्यापासून विद्याश्रीला झोप नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या बापानं हे किती दिवस ओढायचं, असं ती म्हणत होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आकारामनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. आजी, ह्या कोण, म्हणून विद्याश्रीकडं बोट केलं. हात वर करा म्हणाले. मल्लव्वानं हात वर केला नाही. ती नुसती त्यांच्याकडं बघत राहिली. ते वाईट माणूस नव्हते. आवाज खाली आणून ते विद्याश्रीला म्हणाले, की समज राहिलेली दिसत नाही, जागा बदलली तरी त्यांना फारसं जाणवणार नाही.

रुद्राप्पा पडवीच्या दारातून हे ऐकत होते. "तिला सगळं समजतंय," ते म्हणाले.

"अप्पा, तुम्ही एवढी लाकडं कापली. त्यातलं एक तरी अव्वानं उचललं का?"

 रुद्राप्पा यंत्रापाशी परत गेले. पात्याचं टोक कानात पाडलेल्या बारीक भोकातून ओवलं, ताण दिला आणि श्वास रोखून कानाचा आतला गोल कापला. या वेळी लाकूड तडकलं नाही. त्यांनी पॉलिश पेपरनं कड मारली, भुसा फुंकला आणि कप बाकीच्या तुकड्यांबरोबर डब्यात टाकून डबा मल्लव्वाच्या मांडीशी आणून रिकामा केला. या खेपेला त्यांनी काही विचारलं नाही.

मल्लव्वानं तुकड्यांवरून हात फिरवला. कपाच्या कानात तिचं बोट अडकलं. तिनं कप उचलला.

विद्याश्री धावत आत गेली. सकाळचा चहा गरम करून तिनं बशीत ओतला आणि आईच्या ओठांना लावला. मल्लव्वानं मान फिरवली. पुन्हा लावला, तर बशी हातानं लोटली. चहा चादरीवर सांडला. आकारामनी हळूच विद्याश्रीकडं बघितलं.

मल्लव्वानं कप सोडला नव्हता. हात पुढं करून तिनं तो आकारामच्या गुडघ्यावर ठेवला. मग रुद्राप्पांकडं वळून कपाळाला आठ्या घातल्या. त्या आठ्या रुद्राप्पांनी चाळीस-पन्नास वर्षं बघितल्या होत्या.

"तिला नगं हाय चा," ते म्हणाले. "पावणं आल्यात, अजून चा का ठेवला न्हाय, म्हणती."

ते आत गेले आणि ताजं आधण ठेवलं. कप आकारामच्या हातात येईपर्यंत मल्लव्वाची नजर पाहुण्यावरून हलली नाही. आकारामनी पहिला घोट घेतला, तेव्हा कुठं तिनं मान हलवली. काय पायजे, काय पायजे, म्हणून इतके दिवस आपण हिच्यापुढं लाकडं नाचवली, हे रुद्राप्पांच्या ध्यानात आलं. या बाईनं जन्मात कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं.

चहा संपवून आकारामनी विचारलं, की गाडी कधी पाठवू.

 तांबडं फुटायच्या आधी विद्याश्री पुण्याहून निघाली होती, वाटेत कुठं थांबली नव्हती. तिच्या हातात आईनं आत्ताच एक तुकडा कोंबला होता. भाकरीचं ताट होतं ते.

"गाडी नको," ती म्हणाली. "मदतीला घरातच बाई ठेवू." तिनं ते ताट मुठीत घट्ट धरलं. "अव्वा मला विचारत्या, जेवलीस का."