उजेडाचं वेटोळं

"बघा बाबा, फोटोतले खरखरीत दाणे सगळे गेले!" ऋजुताने लॅपटॉप वळवला. मुकुंदरावांनी भंडारदऱ्याला काढलेले आभाळाचे जुने फोटो तिने एकावर एक चढवले होते. सगळ्यांत दिसतं ते ठेवायचं, एखाद्यातच दिसतं ते पुसायचं, अशी ती रीत.

चांदण्या लख्ख झाल्या होत्या. मुकुंदराव मात्र खालचा कोपरा न्याहाळत होते. "इथे उजेडाचं वेटोळं होतं ना गं?"

"कुणीतरी बॅटरी फिरवली होती. एकाच फोटोत होती, म्हणून गेली."

त्यांना हसू आलं. तेव्हा ते ओरडले होते, "बॅटरी बंद कर!" आणि बायकोने ती मुद्दाम गरगरा फिरवली होती. "सदा मेले तारेच! एक माझाही येऊ दे."

"मला तो वेटोळ्याचाच फोटो दे," ते म्हणाले. "दाणे असू देत. भिंतीवरच्या हारातल्या फोटोत नाही, तुझी आई ह्यात आहे."