लोखंडाचं बटन

“हे लोखंड आहे काय?” गौरांगनं स्क्रीनवर बोट आपटलं. “स्टीलचं ताट वाटून राहिलं. पुन्हा कर.”

दामिनीनं फाइल पुन्हा उघडली. मोटरपंपाच्या स्टार्टरच्या पेटीचं हे तिचं चौदावं चित्र होतं.

काम ऐकायला सोपं होतं. गौरांगच्या नागपुरातल्या लहानशा कंपनीनं शेतकऱ्यांसाठी ॲप काढलं होतं. विहिरीवर जायचं नाही, पेटीला हात लावायचा नाही, घरबसल्या फोनवरून मोटर चालू करायची. ॲप दिसायचं कसं, ते दामिनीनं ठरवायचं, असं नोकरीवर घेताना म्हटलं होतं. प्रत्यक्षात गौरांगनं आधीच ठरवलं होतं. “लोखंडी पेटी, चार कोपऱ्यांत चार स्क्रू, मधात बटन. रोजची वस्तू दिसली की माणूस घाबरत नाही. हुबेहूब पायजे.”

तेव्हापासून दामिनी फोटोशॉपमध्ये लोखंड बनवत होती. राखाडी रंग भरायचा. त्यावर बारीक दाणे टाकायचे. ते आडवे ताणून घासल्याच्या रेषा आणायच्या. वरच्या कडेला उजेड, खाली सावली. उजेड जरा वाढला की पेटी चांदीची दिसायची, कमी झाला की भिजल्या पुठ्ठ्याची. स्क्रू तर शर्टाच्या गुंड्यांसारखे दिसत. इतवारी बाजारातल्या मोटरपंपाच्या दुकानात जाऊन तिनं खऱ्या पेटीचे चाळीस फोटो काढले, तेव्हा दुकानदारानं “घ्यायची आहे का नाही?” म्हणून हटकलं. उमरेडच्या घरून नागपूरला येताना बसमध्ये ती समोरच्या सीटची दांडी बघत बसायची. उजेड कुठे थांबतो, कुठे पसरतो. डोळे चुरचुरत. आईनं जेवताना विचारलं, “कायचं काम करून राहिली वं एवढं?” तर “पेटी रंगवून राहिली,” म्हणून ती आईवरच खेकसली, आणि मग तिला जेवण गेलं नाही.

सतराव्या चित्राला गौरांग म्हणाला, “जवळ आलं.” अठराव्याला म्हणाला, “लई नवी दिसते.”

दामिनीनं माउस ढकलून दिला. “मग काय गंज चढवू, सर?”

“चढव नं,” तो शांतपणे म्हणाला.

तिनं रागारागानं चढवला. स्क्रूंच्या खाली तांबूस ओघळ आले. कडांचा रंग उडाला. बटनाभोवती रोजच्या बोटांनी आलेली तेलकट झाक आली. आणि काय झालं कोण जाणे, पेटी एकदम खरी झाली. दामिनीनं नकळत स्क्रीनला बोट लावलं. काच लोखंडासारखी गार न लागता कोमट लागली याचंच तिला नवल वाटलं. गौरांग स्क्रीनवर वाकला. “हेच,” तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात ते दोघं चाचणीला नरखेडकडच्या एका गावात गेले. संत्र्याची बाग होती रुखमाबाईंची. साठीला टेकलेल्या, हिशेबी, कमी बोलणाऱ्या. बाग त्या एकट्या बघत. पुण्याला नोकरी करणाऱ्या साहिलनं, त्यांच्या मुलानं, आईचं नाव चाचणीसाठी दिलं होतं. फोनचं त्यांना नवल नव्हतं. साहिलशी त्या रोज व्हिडिओवर बोलत. गौरांगनं विहिरीवरच्या मोटरला ॲपचं यंत्र जोडलं आणि अंगणात उभं राहून सगळं समजावलं. त्यांनी मान हलवली आणि ॲप उघडलं.

पेटी दिसली, तसा त्यांचा अंगठा हवेतच थांबला.

त्यांनी फोन दामिनीच्या हातात दिला. पदराला हात पुसले, पुढून आणि मागून. ओसरीवर जाऊन पायात रबरी चपला सरकवल्या. कोपऱ्यातला लाकडी पाट आणून अंगणात टाकला आणि त्यावर उभ्या राहिल्या. मग हात पुढे केला. “आण.”

गौरांग हसला. “पाहिलं? म्हटलं होतं नं, हुबेहूब!”

फोन देताना दामिनीलाही हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला आपल्या कामाचा अभिमान वाटला. “काकू, फोनचा करंट नाही लागत,” ती म्हणाली.

“माहीत आहे वं मले, फोन आहे म्हणून,” रुखमाबाई म्हणाल्या. त्यांची नजर चित्रावरून हलत नव्हती. “पण हात आयकत नाही. साहिलचे बाबा अशाच पेटीले चिकटले होते. जमीन वल्ली होती. मी सोडवाले धावली, त करंटनं मलेही फेकलं.” त्यांनी फोन परत दिला. “लई खरी काढली बाई तू.”

गौरांगचं हसू विरलं. दामिनी त्या पेटीकडे बघत राहिली. एकोणीस वेळा घासून तिनं ती खरी केली होती.

ती अंगणातल्या बाजेवर बसली आणि पिशवीतला लॅपटॉप काढून उघडला. चाचणीचं ॲप होतं. लॅपटॉपवर चित्र बदललं की फोनवर बदलायचं. तिनं गौरांगकडे पाहिलं.

“काढ,” तो हळूच म्हणाला. “सगळं काढ.”

तिनं आधी गंज पुसला. मग स्क्रू, रेषा, दाणे, उजेड, सावली. पंधरा दिवसांचं काम दोन मिनिटांत गेलं. उरला एक सपाट हिरवा गोल, त्यात ‘चालू’ एवढंच लिहिलेलं. तिनं फोन पुढे केला.

रुखमाबाईंनी तो उन्हात तिरपा करून पाहिला.

“आता हे कायचं आहे वं?”

“कायचंच नाही, काकू.”

त्यांनी अंगठा टेकवला, आणि बागेपलीकडे विहिरीवरची मोटर सुरू झाली.