सर्व्हरची खोली

"सर्व्हरला एसी लागतोच, काका." रूपालीने कागदावर खोलीचा चौकोन काढला. "मशीन तापलं की बंद पडतं. मंग बिलं गेली, स्टॉक गेला, सगळंच गेलं म्हणून समजा."

तातेराव चष्म्यावरून त्या चौकोनाकडे बघत राहिले. टेंभुर्णीतलं त्यांचं बियाणं-खताचं दुकान चाळीस वर्षांचं. आता मागे ऑफिस झालं होतं, त्यात चार कॉम्प्युटर होते, आणि चौघांची तोंडं चार दिशांना. एकावर कपाशीच्या पिशव्या शिल्लक दिसत, तर दुसऱ्यावर त्याच संपलेल्या. म्हणून त्यांच्या सुनेने, शीतलने, नेटवर्कचं काम करणाऱ्या रूपालीला जालन्याहून बोलावलं होतं.

खर्चाची अडचण नव्हती. अडचण तातेराव होते. स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा येई. गेल्या वैशाखात ते दुकानातच चक्कर येऊन पडले. उन्हाळ्यात थंड जागेत बसा, नाहीतर घरी राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. शीतलने एसीचं नाव काढलं तर म्हणाले, "मी काय केळी हाये का, थंड खोलीत ठेवायला?" आणि पंख्याखाली जाऊन बसले.

घरी बसवलं तर हा माणूस खंगून जाईल, हे शीतलला कळत होतं. पुन्हा पडले तर उठतीलच असं नाही, हेही कळत होतं. फाल्गुन लागल्यापासून तिचा जीव टांगणीला होता.

मशीनची गोष्ट मात्र वेगळी. "बियाण्यालाबी ऊन सोसत न्हाई," तातेराव म्हणाले. "लागत असंल तर बसवा एसी. पण खोली कोणती?"

"तुमचीच, मामा," शीतल म्हणाली. "तिथून सगळ्या वायरी बराबर पोचतेत."

"मंग मी कुठं बसू?"

"तिथंच बसा की," रूपाली कागदावरची नजर न उचलता म्हणाली. "जवळ कुणीतरी पाहिजेच. हिरवा दिवा गेला की मला फोन करायचा. अन् दुपारचं दार बिलकुल उघडं ठेवायचं न्हाई."

"न्हाई ठेवत." जबाबदारी अंगावर आली तसे तातेराव ताठ बसले.

आठवड्याभरात काम उरकलं. भिंतींतून वायरी गेल्या आणि चारही कॉम्प्युटर एका सुरात बोलू लागले. शीतलच्या टेबलाखाली डब्याएवढं एक खोकं बसलं, तिकडे कुणी फारसं बघितलं नाही. तातेरावांच्या खुर्चीशेजारी छातीएवढं काळं लोखंडी कपाट उभं राहिलं, वर हिरवा दिवा.

नवं यंत्र पुजल्याशिवाय चालू करायचं नाही, ही तातेरावांची रीत. मग तो ट्रॅक्टर असो की वजनकाटा. यंत्राचं तोंड उगवतीला पाहिजे म्हणून त्यांनी ते कपाट स्वतःच एका हाताने वळवलं. रूपाली "काका, जपून" म्हणेपर्यंत त्यांचं कुंकू लावूनही झालं होतं.

वैशाख आला, रस्ते भाजू लागले. तातेराव दार लावून राखणीला बसत. कुणी दार उघडं टाकलं की ओरडत, "लाव जल्दी, मशीन तापून राह्यलं." गिऱ्हाइकांना ते कौतुकाने कपाट दाखवत. महिना सरत आला तरी त्यांना एकदाही चक्कर आली नाही. शीतलला आता दोन घास सुखाने जात होते, आणि तसं तिने रूपालीला फोनवर सांगितलंही.

एका दुपारी ती खोलीत ताकाचा पेला ठेवून गेली. जाताना दार नीट ओढून घेतलं. तिची पावलं लांब गेली तसा तातेरावांनी बायकोला, चतुराबाईंना, फोन लावला.

"जेवलो गं. बरा हाये," ते हळू आवाजात म्हणाले. "अन् ऐक, सुनंपुढं बोलून जाशील. लई जीव लावलाय पोरीनं, तिचं मन मोडायचं न्हाई. पूजा केली त्याच दिवशी कळलं मला, ह्या कपाटात कायबी न्हाई."