ओमासकट गाडी

लुबोशच्या मुठीत किल्ली होती, आणि ती फुकटात पडली होती. आकाशी रंगाची ट्राबांट, चार धड चाकं, अर्धी टाकी पेट्रोल. अशा गाडीसाठी नाव नोंदवून तो प्रागमध्ये नऊ वर्षं थांबला होता. इथे नुसती मान हलवायची होती. ती त्याने खबरदारी म्हणून दोनदा हलवली.

किल्ली देणारा पूर्व जर्मन एव्हाना गल्लीच्या टोकाला पोचला होता. बायको पुढे, छोटी मुलगी खांद्यावर. पश्चिम जर्मनीची वकिलात तिथून हाकेच्या अंतरावर. एकोणनव्वदचा सप्टेंबर संपत आला होता आणि रोज हेच चाललं होतं. गाडी रस्त्यात सोडायची, वकिलातीचं कुंपण चढायचं, की माणूस पलीकडच्या जगात. पोलीस एकाचा पाय ओढेपर्यंत दोघं आत उडी मारत.

"काय म्हणाला रे तो?" वरच्या खिडकीतून ड्राहाने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"आउटो म्हणाला. गाडी घे म्हणाला."

"एवढं लांबलचक बोलला, ते एवढंच?"

"ओमा पण म्हणाला. गाडीचं नाव असेल. जर्मन लोक गाड्यांना नावं ठेवतात."

"तुला नावं ठेवायला मला जर्मन लागत नाही. आत आण ती, शेजारी चाकं काढून नेतील!"

लुबोशला शाळेत रशियन शिकवलेलं. जर्मन त्याला गाडीपुरतं कळे. तो आत बसला, आरसा आपल्या उंचीला लावला, किल्ली फिरवली. तेवढ्यात मागच्या सीटवरची दुलई खोकली.

"आधी काच खाली कर," दुलईतून एक म्हातारी उठून बसत म्हणाली. चेक भाषा स्वच्छ होती, फक्त जुन्या वळणाची. "कांदा खाऊन आलायस."

"तुम्ही कोण?"

"ओमा. आमच्यात आजीला म्हणतात. नाव हेडविग. माझ्या मुलाने तुला सांगितलं, ओमाला सरहद्दीपलीकडे पिर्नाला घरी पोचव, मग गाडी तुझी. सौद्यातलं परवडलं तेवढंच ऐकलंस तू."

"तुम्हाला आमची भाषा..."

"महायुद्ध संपेपर्यंत इथलीच होते मी. मग जर्मन म्हणून तुमच्या लोकांनी हाकललं, घर ठेवून घेतलं. भाषा कुणी मागितली नाही."

लुबोश चिडला. "आणि हा पोरगा तुम्हाला सामानासारखं टाकून पळाला?"

"कुंपण माझ्या गुडघ्यांना विचारून बांधलेलं नाही, बाबा. आणि मला जायचंही नाही. थोरली नात, सिल्के, दुसऱ्या गावी असते, शनिवारी हंगेरीला निघालीय. तिथून तीही पलीकडे जाणार. आईबाप पळाले हे त्याआधी सरकारला कळलं, तर तिचा प्रवासाचा परवाना रद्द आणि पोरगी तुरुंगात. शनिवारपर्यंत ही गाडी आमच्या दारात दिसली पाहिजे. रविवारी ये, घेऊन जा."

लुबोशने हिशेब घातला. एक सरहद्द आणि एक म्हातारी. नऊ वर्षांपेक्षा स्वस्त. निदान ड्राहाला त्याने तसं सांगितलं. तिला पटलं नव्हतं, पण तोवर गाडी सुरू झाली होती.

सरहद्दीवर शिपायाने मालक कुठाय म्हणून विचारलं. हेडविग त्याच्याशी काहीतरी बोलली. शिपाई लुबोशकडे बघून खो खो हसला आणि त्याने रस्त्यावरचा दांडा वर केला.

"काय सांगितलंत?"

"मुलगा तुमची बिअर पिऊन आडवा झालाय, म्हणून मित्र सोडायला आलाय. हा मित्र चेक असून पीत नाही, याला डॉक्टरला दाखवायचंय."

पुढे वाटभर लुबोश आरशातच बघत होता.

पिर्नाला पोचले तेव्हा दिवस मावळत होता. हेडविगने मुलाची टोपी लुबोशच्या डोक्यावर दाबून बसवली. "दुलईची गुंडाळी कर. खांद्यावर घे. अशी नाही, पोतं आहे का ते? झोपलेलं मूल घेतात तशी."

तळमजल्यावरचा पडदा हलला.

"फ्राऊ क्नाउट, खालची बाई," म्हातारी पुटपुटली. "इमारतीत कोण आलं, कोण गेलं, सगळं पोलिसांना कळवते. चल, मान वळवू नकोस."

तीन जिने. अर्ध्यावर लुबोशच्या लक्षात आलं, आपण दुलई जागी होऊ नये म्हणून हळू पाय टाकतोय. छोटीच्या खाटेवर त्याने ती ठेवली, आत उशी सरकवली, आणि दारावरची घंटा वाजली.

फ्राऊ क्नाउट आत या म्हणायची वाट बघत थांबली नाही. सरळ खाटेपाशी गेली. दुलईचा कोपरा तिने दोन बोटांनी उचलला. हेडविगने दाराची चौकट घट्ट धरली. शनिवार अजून चार दिवस लांब होता.

बाईने उशीकडे पाहिलं, लुबोशकडे पाहिलं. कोपरा पुन्हा नीट खोचला. जर्मनमध्ये काहीतरी बोलली आणि निघून गेली.

"काय म्हणाली? आजी, काय म्हणाली ती?"

हेडविग खुर्चीत बसली. हसावं की रडावं हे तिच्या चेहऱ्याचं ठरत नव्हतं.

"म्हणाली, टोपी घाला हिला. उशी लगेच ओळखू येते. माझ्याही घरची दोन पोरं आठ दिवस टोपी घालूनच झोपलीत."

स्टेशनाकडे चालत जाताना लुबोशने मागे वळून पाहिलं. चारही मजल्यांवर दिवे लागले होते. आणि खिडकीखिडकीत एकेकटं म्हातारं माणूस या खोलीतून त्या खोलीत फिरून आणखी दिवे लावत होतं.

शनिवारी सिल्के निघाली. रविवारी लुबोश गाडी आणायला गेला नाही. ती दारातून हलली असती तर चौकशी सुरू होऊन, न जाणो, आणखी कुणाकुणाच्या उशांची झोप मोडली असती. सहा आठवड्यांत बर्लिनची भिंत फुटली, दुभंगलेला युरोप सांधला गेला. श्रेय घ्यायला दोन्हीकडचे पुढारी पुढे सरसावले. विजेचं बिल आज्यांनी भरलं.