मस्कतचा फोन

साहेब, माझं लग्न तुमच्या डिजिटल टेलिफोन एक्स्चेंजनं लावलंय! मस्कतच्या मुलाला अब्बांनी फोनवर तीन प्रश्न विचारले.

"बेटा, दारू पितोस?"

उत्तर नाही. "लाजतोय," अब्बा खूश.

"बरं, नाझियाला इथली महाप्याची नोकरी करू देशील?"

"हो!"

"तिला इथंच टाकून मस्कतला जाशील?"

"अजिबात नाही!" आणि लाइन कटली. अब्बांनी मिठाई वाटली.

लग्नानंतर नवऱ्यानं बाटली उघडली, मला नोकरी सोडायला लावली. मी म्हटलं, "खोटारडे!"

तो म्हणाला, "मी खरंच सांगितलं होतं. तुमच्याकडे आवाज एक प्रश्न उशिरा पोचत होता."

 

साहेब, सोमवारी त्याचं मस्कतचं विमान आहे. तिसरं उत्तर तुमच्याच लाइनीत अडकलंय. ते तरी वेळेवर देता का?