पाचपैकी पाच

को काकांचा फॉर्मही पाचपैकी पाच निघाला, तेव्हा यी-वेनने पेन खाली ठेवलं. तैवानमधल्या ताइनान शहराच्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या खोलीत, ती आपल्या ग्रंथालयशास्त्राच्या प्रबंधासाठी चार महिने प्रश्नावलीचे फॉर्म वाटत होती. तीनशे बारा वाचक, आणि तीनशे बाराही 'अतिशय समाधानी'. उद्या विभागाची समिती तिच्या संशोधनपद्धतीवर शिक्कामोर्तब करणार होती. प्रश्नावलीच का निवडली, याचं खरं उत्तर एवढंच, की विभागात सगळे तीच निवडतात. आकडे दिसले की समिती मान डोलावते.

"काका, संगणकावर पुस्तक शोधणं सोपं जातं, असं लिहिलंय तुम्ही. तुम्हाला संगणकाजवळ मी कधी पाहिलं नाही."

"मी कुठे लिहिलंय? याने लिहिलं." काकांनी शेजारच्या, हो आडनावाच्या मास्तरांकडे बोट केलं. "मला दोन वर्षं झाली, अक्षर दिसत नाही. हा हळू आवाजात पेपर वाचतो, मी ऐकतो."

मास्तरांनी चष्मा पुसला. "या टेबलाचे सगळे फॉर्म मीच भरले. बाकीच्या टेबलांना सांगून ठेवलं."

"पण सगळ्यांनी पाचच?"

"अगं, इथे बोलायला बंदी आहे. ती काउंटरवरची पोरगी रोज ऐकून न ऐकल्यासारखं करते. आम्ही कमी दिले असते, तर साहेबाची बोलणी तिनेच खाल्ली असती. तिचे उपकार आम्ही म्हाताऱ्यांनी दुसरे कसे फेडायचे?"

 यी-वेनचे चार महिने पाण्यात गेले होते. तोंडाला कुलूप लावलं तर उद्याचा दिवस सुखाने पार पडणार होता. सांगितलं तर सगळं पहिल्यापासून, आणि पदवी वर्षभर लांब. पण तिच्या प्रश्नावलीतल्या एकाही प्रश्नात को काका मावत नव्हते.

ती जिन्यात गेली आणि आपल्या मार्गदर्शक फांग मॅडमना फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं. "मॅडम, मला प्रश्नावली सोडायची आहे. इथे त्यांच्यात बसून, बघून लिहायचंय. लागेल तितके दिवस."



"माझ्याही प्रबंधात सगळे अतिशय समाधानी होते," मॅडम म्हणाल्या. "वीस वर्षं तीच प्रश्नावली मी तुम्हा मुलांच्या हातात देत आले. हे मला आजवर कुणी सांगितलं नाही गं. उद्या समितीशी मी बोलते. तू आधी जाऊन त्यांचे आभार मान."

यी-वेनचे डोळे भरून आले. एवढं हलकं तिला चार महिन्यांत वाटलं नव्हतं. खोलीत परत येऊन ती दोघांसमोर कमरेत वाकली. "फार उपकार झाले तुमचे."

काका गोंधळले. "का गं, पाच कमी पडले का?"

मास्तरांनी पायानेच एक खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस. पण मध्ये बोलू नकोस. बेसबॉलचं पान राहिलंय."