दाण्याचा वास

कानिफनाथने चिमट्यात धरलेल्या दाण्यांना लायटर लावला, ते पेटताच फुंकर मारून विझवले आणि धूर नाकाशी नेला. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून मोनिकाकडे पाहिलं. तिचं तोंड शांत होतं.

"पास," तो म्हणाला. "उतरवा गाडी."

मोनिकाने रजिस्टरात 'पास' लिहिलं. हमाल गोण्या पाठीवर घेऊ लागले.

नगरच्या एमआयडीसीतला हा ठिबकच्या नळ्यांचा कारखाना. प्लास्टिकचा पांढरा दाणा गुजरातेतून येई, काळा रंग मिसळून मशीनमध्ये वितळे आणि नळी होऊन बाहेर पडे. पूर्वी दाणा थेट कंपनीतून यायचा. पण आखातात गडबड झाली, तेलाची जहाजं अडकली आणि मालाची टंचाई झाली. तेव्हापासून मालक कल्याणशेठ मिळेल त्या व्यापाऱ्याकडून दाणा उचलत होते. त्यात भंगार वितळवून केलेला दाणा बेमालूम मिसळलेला असे. डोळ्यांना तो कळत नाही, जाळला की कळतो. चोख दाण्याला विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो, भेसळीचा वास उग्र, घशात बसणारा.

हा वास ओळखण्यात वीस वर्षांत कानिफनाथचा कोणी हात धरला नव्हता. तपासणीचं मशीन बिघडलं, तेव्हा शेठ सगळ्यांदेखत म्हणाले होते, "कानिफनाथचं नाक हाय तवर मशीन कशाला?" कानिफनाथ आठवडाभर त्याच तोऱ्यात वावरला होता.

आणि नेमकं ते नाक दोन महिन्यांपूर्वी तापात गेलं. घरी चुलीवर दूध करपलं, बायको बायडाबाई अंगणातून धावत आली आणि हा बहाद्दर शेजारीच पेपर वाचत बसलेला. त्याने ही गोष्ट तिलाही सांगितली नाही. पन्नाशीतल्या माणसाला कामावर ठेवलं होतं ते नाकासाठी. ते नाही म्हटल्यावर उद्या त्याला दारात कोण उभं करणार होतं?

मार्ग सापडला तो मोनिकामुळे. ही तिसगावकडची पोरगी, आईबाप ऊसतोडीला जाणारे. चार महिन्यांपूर्वी नोंदी ठेवायला लागली होती. कानिफनाथ दाणा जाळू लागला की ती शेजारी येऊन उभी राही आणि एकटक त्याच्या तोंडाकडे बघे.

"शिकायचं हाय मला, काका," ती म्हणे.

कानिफनाथला तिचं कौतुक वाटे. वीस वर्षांची पोर, कोवळं नाक. तिने नाक मुरडलं की तो 'नापास' म्हणे, नाही मुरडलं की 'पास'. बिचारीला कळतही नसेल, आपण कोणाची लाज राखतोय ते.

पण महिन्याभरात नळ्या तडकायला लागल्या.

कानिफनाथ चक्रावून गेला. आधी त्याला मशीनवरच्या सुनीलचा संशय आला, उष्णता चढवून दाणा जाळत असेल म्हणून. दोन दिवस तो उष्णतेच्या काट्यावर नजर ठेवून उभा राहिला. काटा जागचा हलला नाही. मग वाटलं, काळ्या रंगातच खोट असेल. रंग बदलला, तरी नळ्या तडकायच्या थांबल्या नाहीत.

त्याहून विचित्र गोष्ट एका नापास गाडीची. त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती, मोनिकाने नाक मुरडलं आणि त्याने गाडी परत पाठवली. व्यापारी देवाची शपथ घेत होता, माल चोख आहे म्हणून. ती गाडी शेजारच्या कारखान्याने घेतली. त्यांची एक नळी तडकली असेल तर शप्पथ!

"काका, जेवून घ्या," मोनिका डबा उघडत म्हणाली.

पलीकडे बसलेला सुनील ताट उचलून लांब जाऊन बसला. "मोनिके, डाळ पार नासली की तुझी!"

"सकाळी घाई झाली," ती म्हणाली, आणि मुकाट्याने तीच डाळ खात राहिली. ऊसतोडीच्या घरातली पोर, अन्न टाकवत नसेल, असं वाटून कानिफनाथला गलबलून आलं.

दुसऱ्या दिवशी जामखेडहून आसाराम नावाचा शेतकरी आला. पिशवीतून त्याने नळीचे तुकडे काढून टेबलावर ओतले.

"तीनशे लिंबोनी हाय माझी," तो म्हणाला. "जाग्याला पानी पोचंना. झाडं वाळाया लागली. तुमच्यात दाना कोन बघतं?"

शेठनी कानिफनाथकडे बोट दाखवलं. फाटकात नवी गाडी उभीच होती. "आत्ता यांच्यासमोर तपास. आज चूक झाली, तर कानिफनाथ, उद्यापासून येऊ नको."

त्याने दाणे पेटवले, विझवले. धूर वर चढला. आसाराम बघत होता, सुनील बघत होता. आपली भीती कोणाला दिसू नये म्हणून कानिफनाथने चेहरा दगडासारखा केला आणि मोनिकाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत होती. तिने नाक मुरडलं नाही. पण तिचं तोंड शांतही नव्हतं. ओठ थरथरत होते, कपाळावर घाम आला होता. यातून काय समजायचं?

"दोन मिनिटं," तो म्हणाला आणि तिला गोण्यांच्या थप्पीमागे घेऊन गेला. त्या माणसाची झाडं वाळत होती. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"पोरी, मला वास येत न्हाई," तो म्हणाला. "दोन म्हैने झाले. तू नाक मुरडलं की मी नापास म्हनायचो. आजवर तुझ्या नाकावर चाललंय सगळं. आता खरं सांग, दाना कसा हाय?"

मोनिकाने हातातलं रजिस्टर गोणीवर ठेवलं.

"काका, माझा वास करोनात गेला, तो आलाच न्हाई," ती म्हणाली. "मी तुमच्या कपाळावरच्या आठ्या बघून नाक मुरडत हुते."